पेटीतल्या माणसाने ऐकलेले

इस्तंबूल, २ मार्च १९५२

प्रिय हाजेर आब्ला,

हे पत्र तुला नेझिहे हानम वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांना माझा सलाम. नेझिहे हानम, शाळा आणि स्वतःची दोन मुलं सांभाळून तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीसाठी वेळ काढता, देव तुमचं भलं करो.

आब्ला, मी बरी आहे. खोलीतली शेगडी धूर करते, पण नवीन नळकांडं बसवल्यापासून थोडी शहाणी झाली आहे. घसा जपते. रोज सकाळी लिंबाच्या सालीचा काढा घेते, कारण आवाज बसला तर माझ्याजवळ दुसरं विकायला काही नाही.

तुझ्याकडून तीन पत्रांना उत्तर आलं नाही. या वर्षी हेझलनटची पिशवीही आली नाही. मला वाटलं बर्फामुळे वाट बंद असेल. मग आगबोटीच्या कचेरीतल्या ओळखीच्या माणसाकडून कळलं की फेब्रुवारीत आमचा सिनेमा बाफ्र्याला लागला होता आणि आपलं सगळं देरेकोय गाव ट्रक करून बघायला गेलं होतं. तूही गेली होतीस म्हणे. शेवट व्हायच्या आधी उठून गेलीस, असंही तो म्हणाला. त्या हॉलमध्ये सिगारेटचा धूर फार असतो. तुला मळमळलं असेल.

लोक तुझं फार कौतुक करतात, असं ऐकलं. पडद्यावर तू पहारेकऱ्याची विधवा झालीस आणि नवऱ्याला मारणाऱ्या डाकूच्या मयतासमोर उभी राहून त्याला मोकळं केलंस, ते पाहून बायका पदराआड रडल्या म्हणे. इकडे बेयोग्लूतही लोक विचारतात, ती बाई कुठल्या नाटक कंपनीची? मी सांगते, ती माझी बहीण आहे, ती कुठल्याच कंपनीची नाही.

सोबत एक लोकरी शाल आणि गुलाबाची मिठाई पाठवते आहे. शाल काळी नाही, तपकिरी आहे. सोळा वर्षं झाली, आब्ला. तपकिरी चालेल.

दोन ओळी लिहवून घे.

तुझी,
मुरुव्वेत


इस्तंबूल, १९ मार्च १९५२

आब्ला,

पार्सल परत आलं. दोरीची गाठ मी बांधली तशीच होती.

आज मी जुन्या अक्षरांत लिहिते आहे. चोवीस वर्षांनी उजवीकडून डावीकडे लिहिताना हात अडखळतो, पण थोड्या वेळानं आपोआप चालायला लागतो. बाबांनी आपल्या दोघींना चुलीपाशी बसवून शिकवलेली ही अक्षरं आता पोस्टातल्या पोरांना येत नाहीत, नेझिहे हानमनाही येत नाहीत. तुला येतात. आई गेल्यावर तूच माझी पाटी तपासायचीस. ‘परत लिही, हे खोटं आलंय,’ असं म्हणायचीस. चुकलेल्या अक्षराला तू चूक कधी म्हणाली नाहीस, खोटंच म्हणायचीस.

मागच्या पत्रात मी धुराचं लिहिलं. तू का उठून गेलीस ते मला ठाऊक आहे.

आमच्या धंद्याची रीत तुला चित्रीकरणाच्या त्या चार दिवसांत नीट सांगितली नव्हती. आम्ही चित्र मुकं घेतो. आवाज मागाहून इथे स्टुडिओत भरतो. एक तुकडा गोल जोडून पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि आम्ही अंधारात उभे राहून दुसऱ्याच्या ओठांवर आपले शब्द बसवतो. मोठी देखणी नटी असते, तिचा आवाज माझा असतो. बारा वर्षं मी हेच करते आहे. इतक्या बायकांच्या तोंडून बोलले की कधी कधी दुकानात भाजी मागताना मला क्षणभर कळत नाही, कुठल्या आवाजात मागावी.

ही गोष्ट मात्र मी स्वतः लिहिलेली पहिली होती. आपलीच होती ती. डोंगरातून चोरटी तंबाखू नेणारे तिघे, सरकारी मक्तेदारीचा एक पहारेकरी, खिंडीतली गोळी. सिनेमातला टोळीचा म्होरक्या पस्तावतो, ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारोदार जातो, आणि शेवटी पहारेकऱ्याच्या विधवेच्या उंबऱ्यावर मरतो. मग मयत. मशिदीतला होजा तीनदा विचारतो, ‘या माणसावर तुमचा जो हक्क राहिला असेल तो सोडलात का?’ आणि विधवा तीनदा म्हणते, ‘सोडला.’ आमचे दिग्दर्शक फेरुह बे म्हणाले, हे शेवटचं तुम्ही लिहिलंत, तर पडद्यावर तुमचं नाव वेगळ्या पाटीवर येईल. त्यांच्या नावाच्या बरोबर आधी.

तुला न विचारता मी इद्रिस एनिश्तेचं, तुझ्या नवऱ्याचं, मरण लिहिलं. ते तुला देरेकोयला आल्यावर कळलं, कॅमेऱ्याच्या पेट्या तुझ्या अंगणात उतरल्यावर. तू फक्त म्हणालीस, ‘खेचरं झाडाला बांधू नका, साल खातात.’

तुझा तो तुकडा स्टुडिओत फिरवला तेव्हा मी पाहिलं. होजाच्या पहिल्या प्रश्नाला तुझी हनुवटी वर जाते. भुवया उचलल्या जातात. आपल्याकडे तान्ह्या मुलालाही कळतं याचा अर्थ काय ते. दुसऱ्या प्रश्नालाही तसंच. तिसऱ्या प्रश्नाला हनुवटी वर जाते आणि मग तुझे ओठ कितीतरी वेळ हलत राहतात. एका ‘सोडला’ला एवढा वेळ लागत नाही.

रिळं जोडणारा आमचा बेद्रोस उस्ता चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, ‘मुरुव्वेत हानम, ही बाई नाही म्हणते आहे.’

फेरुह बेनी माझ्याकडे पाहिलं. ‘गाव तुमचं, बहीण तुमची. काय करते आहे ती?’

मी म्हणाले, ‘आकाशाकडे बघते आहे. देवाला साक्षी ठेवते आहे.’

बेद्रोसनं चष्मा खाली घेतला. तिसरं उत्तर लांब पडत होतं, ते कापलं, तिथे चिनाराच्या झाडाचं चित्र लावलं. मग मी पडद्यासमोर उभी राहिले आणि तुझ्या ओठांवर, तुझ्याकडूनच उचललेल्या आवाजात, तीनदा ‘सोडला’ म्हणाले. पहिल्याच खेपेला जमलं. तुझा श्वास कुठे थांबतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माणसं डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवतात, आब्ला. तुझ्या गावानं तुझी हनुवटी पाहिली आणि माझा आवाज ऐकला, आणि आवाजच खरा मानला. सोळा वर्षं ज्या एका शब्दासाठी तू तोंड उघडलं नाहीस, तो मी तुझ्या तोंडात घातला.

मुरुव्वेत


इस्तंबूल, ६ एप्रिल १९५२

आब्ला,

मागचं पत्र परत आलं नाही. म्हणजे तू वाचलंस, निदान ठेवून तरी घेतलंस. त्या धिटाईनं पुढचं लिहिते.

त्या दिवशी शवपेटीत कोण होतं ते मला आधीपासून माहीत होतं.

वेसेलला आम्ही इथूनच बरोबर घेतलं होतं. पन्नास सालच्या माफीत सुटलेला खरा तंबाखूचोर, खिंडीच्या वाटा माहीत असलेला, खेचरं सांभाळणारा. फेरुह बे त्याच्यावर खूश होते, म्हणायचे, ‘याच्या पाठीवरूनच कळतं की हा ओझं वाहून पळालेला माणूस आहे.’ त्या तिघांपैकी तो एक, हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. गोळी कुणाची, ते कोर्टालाही कळलं नव्हतं.

आगबोटीवर सिनोप मागे पडल्यावर तो डेकवर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. टोपी हातात.

‘हानम, ती गोष्ट तुम्ही लिहिलीत म्हणतात.’

‘लिहिली.’

‘त्यात गोळी अंधारात चुकून सुटते.’

‘हो.’

‘अंधार नव्हता. सकाळ होती. आणि चुकूनही नव्हती.’ त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. ‘त्यानं मला नावानं हाक मारली. म्हणाला, वेसेल, तुझ्या आईला काय सांगू? मला ओळखलं म्हणून मी मारलं. दुसरं काही कारण नव्हतं. तुमच्या बहिणीपुढे मला एकदा उभं करा. मग ती काय म्हणेल ते म्हणेल.’

मी म्हणाले, ‘मी बघते.’

खरं सांगते, त्या क्षणी मला दुःख झालं, त्याच्याआड काहीतरी चमकलंही. लिहिणाऱ्या माणसाला होतं तसं. माझ्या खोट्या गोष्टीत खरा माणूस चालत आला होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. रिकामी पेटी खांद्यावर घेतली की माणसांची चाल बदलते, ते कॅमेऱ्यात दिसतं. दगड भरले तर ते गडगडले. मुख्य नटाला आत झोप म्हटलं तर तो म्हणाला, माझी आई अजून जिवंत आहे, तिनं हे पाहिलं तर ती मरेल. तेव्हा वेसेल पुढे झाला. ‘मी झोपतो,’ म्हणाला. मी मान हलवली. तू विधवा म्हणून समोर उभी राहणार हे मला ठरवायचं होतं, आणि तोपर्यंत तू ‘नाही’वर अडून होतीस.

तुझ्या होजानं तर आधीच हात झटकले होते. ‘जिवंत माणसाची मयतनमाज मी पढणार नाही,’ म्हणाला, ‘आणि ते तीन प्रश्न खेळात विचारायचे नसतात. उत्तर दिलं की ते देवाघरी लागू होतं. खेळात दिलं तरी लागतं.’ म्हणून इस्तंबूलच्या नटाला दाढी लावली. गावकरी घाबरले, तेव्हा मीच त्यांना सांगितलं, घाबरू नका, मशीन आवाज घेत नाही, नुसतं तोंड हलवा, काहीही म्हणा. गावचा मुख्तार तंबाखूचे भाव म्हणत होता. त्याच्या शेजारचे दोघे हसू दाबत होते, पडद्यावर ते हुंदका दाबल्यासारखे दिसतात.

आणि आदल्या संध्याकाळी मी पुन्हा तुझ्याकडे आले. चुलीपाशी बसले. शहरातली नटी हात गोरे म्हणून शोभत नाही, तूच उभी राहा, असं म्हणून विनवलं. तू पीठ मळत होतीस. मळता मळता म्हणालीस, ‘बरं. उभी राहते.’ मला वाटलं, माझ्या शब्दांना यश आलं. बाहेर येऊन मी फेरुह बेना म्हणालेही, ‘माझ्यासाठी तयार झाली.’

पेटीत कोण आहे ते मी तुला सांगितलं नाही. मनात म्हणाले, खेळ म्हणून का होईना, तिच्या तोंडून एकदा ‘सोडला’ निघू दे. होजा म्हणतो तसं ते लागलं, तर दोघांचंही ओझं उतरेल. मग ती काळं टाकेल, मला पत्रं लिहील, इस्तंबूलला येऊन राहील. तुझ्या वतीनं मी सगळं ठरवून ठेवलं होतं. तुझं मन सोडून.

मुरुव्वेत


इस्तंबूल, २७ एप्रिल १९५२

आब्ला,

परवा सकाळी मी आवाजाच्या खोलीत असताना बेद्रोस उस्तानं दार किलकिलं केलं.

‘हानम, तुमचा मुडदा आलाय.’

वेसेल जिन्यात उभा होता. तो आता तंबाखूच्या गोदामात हमाली करतो. गाठोडी वाहतो, हिशोबाची, शिक्क्याची, सरकारी. बेद्रोसनं त्याला चहा दिला तेव्हा तो उभ्यानंच प्यायला.

‘सिनेमा पाहिला,’ म्हणाला. ‘दोनदा. पहिल्यांदा वाटलं, माझेच कान गेले.’

मी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

‘ती असं म्हणाली नव्हती, हानम.’

‘तुला ऐकू आलं?’

‘पेटीला फटी होत्या. बाहेर तुमचे साहेब कर्ण्यातून ओरडत होते, ते ओरडणं वरून जायचं. ती माझ्या डोक्याशी उभी होती. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.’

‘काय म्हणाली?’

त्यानं आधी बेद्रोसकडे पाहिलं. बेद्रोस उठून बाहेर जायला लागला तर म्हणाला, ‘बसा उस्ता. तिनं पुष्कळ माणसांसमोर म्हटलं होतं, ऐकणारं कुणी नव्हतं एवढंच.’ मग सांगितलं. ‘पहिल्या वेळी म्हणाली, नाही सोडत. दुसऱ्या वेळी म्हणाली, नाही सोडत. तिसऱ्या वेळी म्हणाली, नाही सोडत, वेसेल, त्याने तुला हाक मारली होती, कयामतीच्या दिवशी उठवतील तेव्हा माझे दोन्ही हात तुझ्या गळपट्टीवर असतील.’

मी वेगळंच विचारलं. ‘पेटीत तू आहेस हे तिला कसं कळलं? हाक मारल्याचं कसं कळलं?’

‘मी सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी. आगबोटीवर तुम्ही म्हणालात, मी बघते. तुम्ही चार दिवस बघतच होतात. मग मीच तिच्या अंगणात गेलो.’

‘आणि ती?’

‘ऐकून घेतलं. मग पाणी दिलं. म्हणाली, तहानलेल्याला नाही म्हणत नाहीत. बाकीचं तुला उद्या सांगते, मशिदीच्या अंगणात, सांगायची जागा तीच आहे. मी प्यायलो. तिनं पेला धुऊन पालथा घातला.’

आब्ला, म्हणजे मी चुलीपाशी येऊन बसले, गोऱ्या हातांचं सांगत राहिले, तेव्हा तुझं ठरलेलं होतं. तू माझ्यासाठी तयार झाली नव्हतीस. तुला तुझं उत्तर रीतीप्रमाणे द्यायचं होतं, मयताच्या पेटीसमोर, तीनदा, गावाच्या देखत. दुसरी कुठली जागा तुला कुणी दिलीच नव्हती. आणि तुझ्या वेळी आम्ही गावाला चौकटीतून हटवून भिंतीपलीकडे उभं केलं, कारण तुझा चेहरा एकटा हवा होता.

मी त्याला म्हणाले, ‘तुला तर माफीच हवी होती ना? सिनेमानं तुला ती दिली.’ असं का म्हणाले देव जाणे. स्वतःला वाचवायला माणूस काहीही म्हणतो.

तो चिडला नाही. ‘हवी होती. मिळाली नाही. जे मिळालं ते माझ्यापाशी होतं. तुरुंगात चौदा वर्षं काढली, तिथे कुणी मला कधी खरं काही म्हटलं नाही. मीही कुणाला म्हटलं नाही. तिनं नाव घेऊन म्हटलं. रोज उठतो, ते आठवतो, गाठोडं उचलतो. आता गोदामात सगळे पाठ थोपटतात. म्हणतात, वेसेल, तू सुटलास, बाईनं तुला सोडलं, सगळ्या मुलखानं ऐकलं. मी कुठे सुटलो? तुम्ही तिचा शब्द घेतलात, तसा माझाही घेतलात.’

बेद्रोस खिडकीकडे तोंड करून म्हणाला, ‘चहा आणखी हवा का, भाऊ?’

‘द्या.’

एक गोष्ट अजून लपवली होती, ती इथेच लिहून टाकते. मागच्या एका पत्रात मी असं लिहिलं की तुझी हनुवटी मी स्टुडिओत पाहिली. नाही. मी ती त्याच दिवशी पाहिली होती, कॅमेऱ्याशेजारी उभी असताना. फेरुह बे म्हणाले, पुन्हा घ्यायचं का? मी म्हणाले, नको, छान झालं. पुन्हा घेतलं असतं तर तू पुन्हा तेच म्हणाली असतीस, आणि या वेळी कुणाला तरी ऐकू आलं असतं.

मुरुव्वेत


इस्तंबूल, ११ मे १९५२

आब्ला,

हे पत्र विचारण्याचं आहे. सगळं वाच, मग ठरव.

काळ्या समुद्राकडच्या गावांसाठी सिनेमाची एकच प्रत आहे. ती रमजानच्या आधी पुन्हा एकदा तिकडे फिरायला निघते. गुरुवारची आगबोट. बाफ्र्याला ती पुढच्या शनिवारी दुपारच्या खेळाला लागेल.

रिळाच्या कडेनं आवाजाची एक बारीक पट्टी असते, बोटभरसुद्धा रुंद नाही. तिच्यावर काळी शाई फासली की तेवढ्यापुरता आवाज बंद होतो. जोडाच्या जागी टक्क असा आवाज येऊ नये म्हणून बेद्रोस रोजच ठिपक्याएवढी शाई लावतो. काल दुपारी त्याच्या टेबलापाशी बसून तुझी पहिली दोन उत्तरं मी शाईनं बंद केली. ब्रश त्याचा, हात माझा. तो म्हणाला, ‘हानम, सावकाश. वाळली की ही निघत नाही.’ मी म्हणाले, ‘निघायला नकोच आहे.’

मग तो उठला आणि फडताळातून एक डबा काढून आणला. त्यात तुझं तिसरं उत्तर होतं, कापलेलं. बेद्रोस तुकडे सहसा टाकून देतो. हा का ठेवला, विचारलं तर म्हणाला, ‘माझ्या आईनंही एकदा कुणाला तरी असंच नाही म्हटलं होतं. कुणी लिहून घेतलं नाही.’ चिनाराचं झाड काढून तो तुकडा त्यानं जागेवर जोडला. त्याला आवाजच नाही. तुझे ओठ शेवटपर्यंत हलतात.

फेरुह बेना मी आजच सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं. ते म्हणाले, ‘तुम्हाला वेड लागलंय. लोक बाक बडवतील, मशीनवाल्याला शिव्या देतील, आवाज आवाज म्हणून ओरडतील. कुणाला काही कळणार नाही.’ मग म्हणाले, पुढच्या सिनेमाला दुसरा आवाज बघतो. त्यांना दोष देत नाही. तशी प्रत बदलायची झाली तर त्यांना महिना लागेल.

पण लोकांचं त्यांनी बरोबर सांगितलं. लोकांना वाटेल मशीन बिघडलं. म्हणून वेसेल म्हणतो, मी जातो. तो त्याच आगबोटीनं येणार. हॉलमध्ये बसणार, आणि लोक ओरडायला लागले की उभा राहून सांगणार: मशीन बिघडलेलं नाही, पेटीत मी होतो, गोळी माझी होती, तिनं मला सोडलेलं नाही, ती असं असं म्हणाली.

मी त्याला म्हणाले, ‘गोळीचं सगळ्यांसमोर कबूल केलंस तर गाव तुला जिवंत जाऊ देईल का?’ तो म्हणाला, ‘मी तिथलाच आहे हानम, मला त्यांची सवय आहे.’

आब्ला, आजवर प्रत्येक वेळी मी करून टाकलं आणि मग तुला कळलं. गोष्ट लिहिली, मग कळलं. पेटी आणली, मग कळलं. ‘सोडला’ म्हटलं, ते तर तुला शंभर माणसांत बसून कळलं. या वेळी आधी विचारते. तुझा शब्द पुन्हा गावात न्यायचा का? तुझ्या शब्दाबरोबर त्याला येऊ द्यायचं का? कदाचित तुला यातलं काहीच नको असेल. कदाचित एवढ्या महिन्यांत तू त्या लोकांच्या कौतुकाशी कसंबसं जुळवून घेतलं असशील, आणि मी पुन्हा येऊन ते उसकटते आहे. तसं असेल तर तार कर. रिळं गुरुवारपर्यंत माझ्या खोलीत आहेत. ‘नको’ एवढंच पुरे, आणि ती इथून हलणार नाहीत. फेरुह बेना काय सांगायचं ते मी बघेन.

आणि हो म्हणालीस, तर मीही येते. पिशवी भरून ठेवली आहे. हॉलच्या दाराशी उभी राहीन. तुझ्या घरी उतरणार नाही.

पत्राच्या शेवटी आपण एकमेकींकडे जे मागतो, निरोपाच्या वेळी सगळेच मागतात, ते ‘माझ्यावरचा हक्क सोड’ मी या वेळी मागत नाही. तो हक्क तुझ्याकडेच राहू दे.

मुरुव्वेत


इस्तंबूल, गुरुवार, १५ मे १९५२

आब्ला,

तुझी तार सकाळी मिळाली. पोस्टातल्या मुलीनं नव्या अक्षरांत, निळ्या पेन्सिलीनं लिहिलेली: ‘रिळं पाठव. त्याला पाठव. तू येऊ नकोस.’

मी दुपारी धक्क्यावर गेले. डबे वेसेलच्या हाती दिले. त्यानं विचारलं, ‘तुमची पिशवी?’ मी तुझी तार त्याच्यापुढे धरली. त्याला वाचता येत नाही, तुरुंगातही तो शिकला नाही. ‘काय लिहिलंय?’ म्हणाला.

आगबोटीनं दुसरा भोंगा दिला. मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीला बोलावलं, कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘बाळ, यांना वाचून दाखव.’ तिनं वाचलं. शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द सुटा.

मला ते वाचता आलं असतं. मी वाचलं नाही.

मुरुव्वेत